आप्पांचं पुढचं भाषण

न्हावरे, मंगळवार, नोव्हेंबर २००९

आज शिरूरला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये मुली इंटरनेटवर हसायचे व्हिडिओ बघत होत्या. ज्या चॅनलवर ते होते, ते म्हणे सगळ्यात जास्त बघितलं जातं. त्यात एकदम माझे सासरेच दिसले. ग्रामसभेत वस्तीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलताना आप्पांची जीभ ‘टा… टा…’वर अडकली होती. लकवा झाल्यापासून अडकतेच. मुली पुन्हा पुन्हा तेवढंच लावत होत्या. हे माझे सासरे आहेत, असं मला म्हणताच आलं नाही. का नाही आलं?

घरी आले तर आप्पांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं.

"सुनंदा, लोकं हसत्यात ना?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"हसू दे. पर टाकीचं पुढचं दाखवलंय का?"

"न्हाई आप्पा. तिथंच तोडलंय."

जेवायला वाढलेलं त्यांचं ताट तसंच राहिलं. शेवटी मीच म्हणाले, "पुढचं मला सांगा."

त्या ‘टा… टा…’वर ते पुन्हा अडकले. मी शब्द पुरवला नाही, थांबले. टाकी कुठं बसवायची, पाइप कुठून न्यायचा, सगळं त्यांनी नीट ठरवलंय. इतकं सरळ बोलणं, आणि ते हसणाऱ्यांपैकी कुणीच ऐकलेलं नाही.