जागेवाल्याला होडीचा रंग

६ जानेवारी, सोमवार

टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं सरांच्या, मध्ये बकरी. सर तिला म्हणाले, "बाई, शास्त्रीय काम चाललंय." हलली नाही. तिच्या पाठीवरूनच माप घेतलं.

दिघी–बोर्ली रस्ता रुंद होणार. कडेला जुनं काय आहे ते आधी आम्ही पुरातत्त्ववाल्यांनी नोंदवायचं. यादीत आलं तर रस्ता वळतो. नाही आलं तर जेसीबी.

आज दोन विहिरी, एक पार. आणि कोळीवाड्याच्या वळणावर जागेवाला. कमरेइतका दगड, अंगावर शेंदराचे थर. खालच्या कोपऱ्यातला पोपडा सुटलाय, तिथं कोरलेले दोन लांब कान. सर गुडघे टेकून बसले. उठवायला मी लागले. "गधेगाळ असेल गं," हळूच म्हणाले. दगड ऐकून पळून जाईल असं.

फोटो मिळाला नाही. देवाचं तेलपाणी यमुनाताईकडे. सोडे वाळवते, बोलायला खमकी. "पारोशा देवाचा फोटू काढताव? आंगोळ न्हाय झाली त्याची. गुरवारी या."

सर लगेच हो म्हणाले. त्यांची स्वतःचीही झाली नव्हती. फेरीबोट गाठायला पहाटेच निघालो होतो.

८ जाने., बुध.

रस्त्याच्या इंजिनिअरचा फोन. "मॅडम, शेंदूर लावलेला दगड परवाचाही असू शकतो. कोरीव काम दाखवा, मी वळण देतो. शनिवारी संध्याकाळी यादी बंद." सरळ माणूस. भांडायलाही जागा नाही.

रात्री जेवताना सर खानावळवाल्याला समजावत होते. राजानं जमीन दान दिली. दगडावर वर सूर्य-चंद्र. ते आहेत तोवर दान चालेल. मोडेल त्याला खाली गाढवाची शिवी, चित्रासकट. "म्हणजे रस्तेवाल्यांना आगाऊच दिलेली आहे." स्वतःच हसले आणि कालवण घशात गेलं. पाठीवर थापट्या मारल्या. हाडं लागतात आता.

पावसाळ्याआधी निवृत्त होतायत. त्याबद्दल बोलत नाहीत. मीही नाही.

९ जाने., गुरु.

वळणावरून लांबूनच दिसला. केशरी, चकचकीत. नवे पांढरे डोळे. कान गेले. कोपराच गेला. सगळं एकसारखं गुळगुळीत.

यमुनाताईचा दीर होड्या रंगवतो. त्यानं कौतुकानं सांगितलं, "सरकारी फोटू, म्हनून दोन हात मारले. होडीचा रंग हाय. खाऱ्या पान्यात बी निगायचा न्हाय."

बायका ठेवणीतली लुगडी नेसून उभ्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तोंडाचं काय करावं कळेना.

सर म्हणाले, "सुंदर." खरंच वाटत होतं त्यांना. मी फोटो काढला. सगळ्यांचा, देवासकट. निघताना यमुनाताईनं सोड्यांची पुडी दिली.

पुडी मांडीवर घेऊन गाडीत बसले. मग सर: "पाहुणे येणार म्हणून लोकांनी घर सारवलं. त्यांना आपण काय म्हणायचं?"

मला म्हणायचं होतं की

जाऊ दे.

१० जाने., शुक्र.

यमुनाताईला सरळ सांगितलं. कोरीव काम दिसलं नाही तर दगड यादीत नाही. मग उचलून रस्त्याकडेला कुठंतरी ठेवतील.

सोड्यांवर फिरणारा तिचा हात थांबला. "मंजे आमीच त्याला झाकला."

"सजवला," सर म्हणाले.

"येकच झालं."

रंग काढू का, विचारलं. "मी कोन सांगनारी? त्याला इचारा."

विचारण्याआधी सरांना राहवेना. खाली काय निघेल ते तिला कळायला हवं म्हणाले. "गाढव आहे, ताई." गाढवाबरोबर खाली बाईही असते, ते मात्र गिळलं. कानाच्या पाळ्या लाल.

यमुनाताई बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेजारीण बाहेर आली. "देव हाय तो! घोड्यावर बसंल न्हायतर गाडवावर. आपल्याला काय त्याचं?"

संध्याकाळी कौल लावला. जास्वंदीच्या दोन कळ्या, दगडाच्या वरच्या अंगाला, उजवी-डावी. उजवी पडली तर रंग काढा. डावी पडली तर हात लावू नका. यमुनाताईनं गाऱ्हाणं घातलं. सगळे बसले.

कळ्या पडेनात.

रंग अजून ओला होता. दोन्ही चिकटून बसल्या. दिरानं हळूच बोट लावून पाहिलं आणि शेंदरी बोट लुंगीला पुसलं. "दोन हात जरा ज्यादाच झाले."

"तुजा हात मंजे काय," यमुनाताई म्हणाली. "देवाचं तोंडच बंद केलंस, मेल्या."

आधी सर हसले. मग सगळेच. मीही. यादी उद्या बंद, हे हसतानाही आठवत होतं.

११ जाने., शनि.

सकाळी गेलो. कळ्या जागेवरच, सुकलेल्या. यमुनाताई आधीच येऊन बसली होती, हातात कोयती. मी थबकले. कौलाशिवाय रंगाला हात लावायचा नाही, हे तिचंच म्हणणं.

"खरवडत न्हाय. कौलापुरती जागा करतंय. देवाला बोलता तर यायला पायजे."

तळहाताएवढ्या दोन जागा. आधी डावी. केशरी सालपटं, खाली जुना शेंदूर, त्याखाली काळा दगड. दगडावर चंद्राची कोर.

मग उजवी. तिथं शेंदूर फार जाड, कोयती पोचली नाही. तिनं जोर केला नाही.

सरांनी कोर कागदावर उतरवली. तेच टोक दोनदा काढलं. नुसती कोर इंजिनिअरला पुरेल का, विचारलं. "मला पुरते," म्हणाले.

यमुनाताईनं नव्या कळ्या लावल्या. भरती लागली होती, वारा नव्हता. सकाळचे दहा वाजले तरी कुठलीच पडली नव्हती; यादी बंद व्हायला संध्याकाळपर्यंत वेळ होता.