स्टेपनीचं दार

३ मार्च

फेकून दिल्या. सगळ्या लसी! बासष्ट डोस!

ओढ्याच्या पात्रात मागचं उजवं चाक फुटलं. एवढ्यानं मी घाबरत नाही – फिरत्या दवाखान्याची नर्स मीच आणि ड्रायव्हरही मीच, चाक बदलणं माझ्या हातचा मळ. पण स्टेपनी टांगलेली गाडीच्या पोटाखाली, आणि पोटाखाली गुडघाभर चिखल. साखळीचा स्क्रू गंजून बसलेला. मी आणि मदतनीस मावशी आळीपाळीनं पालथ्या पडून चिखल उपसत होतो. सहा तास! शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं साखळीच तोडली. तोवर ऊन वर आलेलं, दणक्यानं लसींच्या पेटीचं झाकण तडकलेलं, आतला बर्फ पाणी झालेला.

वरच्या वस्तीतल्या बाया पोरांना न्हाऊमाखू घालून, भांग पाडून आणतात. दिवसभर बसल्या असतील वाट बघत.

४ मार्च

नखांतला चिखल निघत नाही. आरोग्य केंद्राचे साहेब म्हणाले, "गाडी म्हटलं की पंक्चर होणारच." होणारच म्हणे! नवा साठा आणि वरच्या वस्तीची फेरी आता एप्रिलात.

६ मार्च

डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. स्टेपनी मागे, वर, हाताशी हवी. पण मागच्या दारावर टांगली तर तिच्या वजनानं दार निखळेल, आणि दारासमोर नुसती उभी केली तर आतलं सामान काढायचं कसं? म्हणजे स्टेपनीलाच दारासारखं बाजूला फिरता आलं पाहिजे. केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढलं. नवऱ्याला दाखवलं.

"झकास! पण बनवणार कोण?" असं म्हणाला आणि हळूच परसातल्या शेडकडे बघितलं.

शेड म्हणजे ताई. त्याची थोरली बहीण. पंपाच्या कारखान्यात बावीस वर्षं लेथवर. कारखाना बंद पडला तशी आपलं छोटं लेथ मशीन घेऊन इथं आली. तीन वर्षं एका घरात राहतो, पण आमचं बोलणं म्हणजे – मीठ संपलंय, पाणी आलंय. चूक माझीच. ती आली त्याच महिन्यात शेड आवरताना तिच्या दोन पेट्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. मला गंजकं लोखंड दिसलं. ती तिची हत्यारं होती!

७ मार्च

गेले एकदाची शेडमध्ये. कागद पुढे केला. तिनं चष्मा लावला. बघतेय, बघतेय...

"ही काय, बिजागरी?"

"हो."

"दार चाळीस किलोचं नसतं. आणि दगडांतून उड्याही मारत नाही."

पेन्सिलनं माझं अख्खं चित्र खोडलं. मी तोंड पाडून परत आले – पण कागद तिनं परत दिला नाही!

११ मार्च

ताई आणि मी भंगारबाजारात! दोघी एका स्कूटरवर, दीड शब्द न बोलता.

स्टेपनीचा दांडा फिरायला बिजागरी नको, बेअरिंग हवं, हे तिचं म्हणणं. जुन्या ट्रेलरच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, मिळाला, आत दोन दणकट बेअरिंग. तिनं हब हातावर फिरवला, कानाशी धरला. भंगारवाला विचारतो, "कुठल्या गॅरेजच्या तुम्ही?"

"आमच्याच," ताई म्हणाली.

निघताना ढिगाकडे बघत बोलली, "माझ्या पेट्या असल्याच ढिगात गेल्या असतील."

"चुकलं माझं, ताई."

तीन वर्षं राहून गेलेलं वाक्य. ती "हं" म्हणाली. मग, "तो चौकोनी पाइप उचल. जड आहे, कमरेत वाक."

१५ मार्च

ती मला वेल्डिंग शिकवतेय. माझे पहिले जोड बघून म्हणाली, "कबुतरं शिटून गेली का गं इथं?"

२२ मार्च

झालं! हब बंपरमध्ये बसवला, त्यावर आडवा दांडा, दांड्यावर स्टेपनी. बोटानं ढकललं – फिरलं! एका बोटानं! नवरा हातात झारा घेऊनच बाहेर आला आणि टाळ्या पिटायला लागला. भाजी करपली. करपू दे!

२३ मार्च

खाणीच्या रस्त्यावर दहा किलोमीटर फिरवून आणली. दांडा दोन बोटं खाली आलाय. हबच्या बुडाशी केसासारखी चीर. मी बंपरवर बसून रडले.

आणि ताई खूश! "इथं तुटलं ते बरं. वर वस्तीच्या वाटेवर तुटलं असतं तर?" पाण्यानं भरलेली बादली माझ्या हातात दिली. "हात आडवा कर. धर." मिनिटभरात हात लटलट कापायला लागला. मग तिनं मनगटाखाली स्टूल सरकवलं. "आता?"

आता काहीच जड नव्हतं. अरे देवा – टेकू! दांडा बंद असताना त्याचं दुसरं टोक अधांतरी होतं. सगळा भार एकट्या हबवर!

२४ मार्च

दंड भरून आलाय. चमचाही उचलवेना.

३१ मार्च

सगळं तोडून नव्यानं. हबचा खुंटा आता बंपरच्या आरपार, वर आणि खाली दोन्हीकडे जोडलेला. कोपऱ्यांत जाड पत्र्याचे त्रिकोण. दुसऱ्या टोकाला उतरता टेकू – दार बंद करताना दांडा त्यावर चढून बसतो, वरून खटका आवळला की हूं की चूं नाही. आणि उतारावर दार आपटू नये म्हणून उघडं धरायला वेगळी पिन. ती माझी कल्पना! ताई म्हणाली, "सुचतं की तुला."

शेवटचा जोड मी मारला. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. पण घासायला ग्राइंडर उचलला नाही!

४ एप्रिल

साहेब बघायला आले. भोवती दोन चकरा मारून विचारतात, "नाही टिकलं तर काढता येईल ना?" ताईनं दार उघडलं, पाय टाकला आणि सरळ दांड्यावर चढून उभी राहिली. स्टेपनीसकट! ताई काही चवळीची शेंग नाही. दांडा केसभर हलला नाही.

"काढून बघा की, साहेब," वरून म्हणाली.

साहेबांनी तिथंच सही केली.

१२ एप्रिल

आधी हे लिहिते, मग पाठ टेकते.

परवा निरोप आला – वरच्या वस्तीत गोवर. दोन मुलं तापानं फणफणलेली. त्यांना मार्चमध्येच लस मिळायची होती. तीच, जी मी फेकली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

आज उजाडताच निघालो. आणि त्याच ओढ्यात – फट्! मावशींनी कपाळावर हात मारला. मी घड्याळ बघितलं. खटका, पिन, दार बाजूला. नट सोडले, स्टेपनी छातीच्या उंचीवरून फळीवर घसरवत खाली. जॅक, पाना, चाक. फुटकं चाक दांड्यावर, दार बंद, खटका. सतरा मिनिटं! बुटाचे तळवे सोडले तर अंगाला चिखल नाही. पेटीतला बर्फ खडखड वाजत होता.

एकोणपन्नास मुलांना टोचलं. एकही सुटलं नाही. दोन आजारी पोरांतला धाकटा बराच सावरलाय. मोठी मलूल होती, श्वास जड – तिला आईसकट गाडीत घातलं आणि खाली रुग्णालयात आणलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलीत."

वेळेत!

१३ एप्रिल

ताईला सगळं सांगितलं, अगदी तिखटमीठ लावून. तिचा प्रश्न एकच –

"आवाज आला का कुठून?"

"नाही."

"टेकूपाशी?"

"कुठूनच नाही, ताई."

तिनं मान डोलावली. मग ग्रीसचा डबा घेऊन गाडीकडे गेली. खिडकीतून बघितलं – ग्रीस लावून कधीच झालं होतं. ती नुसतं दार उघडत होती, लावत होती. उघडत होती, लावत होती.

१८ एप्रिल

रुग्णालयातून फोन. ती पोरगी आज जेवण हवं म्हणून भांडली!

२३ एप्रिल

बदलीचा हुकूम आला. शहरातलं मोठं रुग्णालय, पंख्याखालची खुर्ची, सहाला सुट्टी. दोन वर्षं यासाठी अर्जावर अर्ज करत होते – घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

साहेबांना लिहून दिलं: नको.