पास्को घराण्याची काडतुसं

१२ ऑगस्ट
विंटन गावाहून धूळ खात पास्कोंच्या घरी पोचलो आणि पाहुणचाराने खूश झालो. नोलाने भाजलेलं मटण आणि राखेत शेकलेला जाड पाव वाढला. तिचा नवरा क्लॅरी मे महिन्यात रानडुकरांच्या शिकारीत धाकट्या भावाची, मर्व्हिनची, गोळी चुकून लागून वारला. आजोबांनी जमवलेली काडतुसं क्लॅरीनंतर आता मर्व्हिनकडे आली आहेत. त्याला ती विकायचीत. किंमत ठरवायला मी आलोय. काय माल आहे! काही पुडकी तर शंभर वर्षांत उघडलेलीच नाहीत. मर्व्हिनने सुटी काडतुसं मात्र घासून लखलखीत केलेली. मी कपाळाला हात लावला. जुना काळपटपणा गेला की जुनी काडतुसं जमवणारे शौकीन ढुंकूनही बघत नाहीत.

"म्हणजे घाम गाळून वाटोळं केलं म्हण की, गड्या!" मर्व्हिन खो खो हसला.

१३ ऑगस्ट
काल टेबलावर उभी मांडलेली काडतुसं सकाळी आडवी. सगळ्यांची टोकं मर्व्हिनच्या खुर्चीकडे. तो नोलावर उखडला. ती चहा ओतत शांतपणे म्हणाली की क्लॅरीच्या वस्तूंना ती हात लावत नाही.

१४ ऑगस्ट
मर्व्हिनने काडतुसं लोखंडी पेटीत कोंडली. न्याहारीला बसलो, तर ती त्याच्या ताटाभोवती. पितळ तापलेलं, तापकऱ्याच्या अंगासारखं. एका गोळीच्या टोकाला ओलं रक्त.

त्याने मला कुंपणापाशी ओढत नेलं आणि सगळं ओकला. ती चूक नव्हती. जमीन हवी होती. क्लॅरीने हात वर केले, तरी याने झाडली. गप्प राहा म्हणत त्याने सर्वांत दुर्मीळ, न उघडलेलं पुडकं माझ्या हातात कोंबलं.

मी घेतलं.

१५ ऑगस्ट
मर्व्हिन कुंपणापाशी मेलेला. छाती फुटलेली. घरात बंदूक नाही, पोलिसांनी केव्हाच नेली.

नोलाने विचारलं, काल तो काय सांगत होता. मी म्हणालो, मेंढ्यांच्या रोगाबद्दल.

दुपारी
गाडी सुरू होत नाही. पुडकं विहिरीत टाकलं. खोलीत आलो तर ते उशीवर— कोरडं—

पुडक्याचा कागद आतून ताणला जातोय.

दार उघडत नाही. नोला अंगणात. ओरडतोय, तिला ऐकूच जात नाही— लिहितो, निदान वाचेल— नोला, मी खोटं बोललो. ती चूक नव्हती. क्लॅरीने हात वर केले होते, आणि शेवटी त्याने तुमचं नाव घे—