पाणी फिरलेला आठवडा

प्रिय दादा,

काल शुक्रवार. दोह्याच्या नजमा भागातल्या माझ्या खोलीवर कपडे धूत होतो, तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तलावाचं पाणी फिरलं हो. घरापर्यंत वास येतोय." मग बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती तू मला सांगायला हवी होतीस. म्हणून लिहितोय. तू जाऊन वर्ष होत आलं, पण एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नव्हती. मला लिहिणं जमत नाही, तुला माहीत आहे.

गेल्या वर्षी मला दहा दिवसांची रजा मिळाली. तू म्हणालास, "दिवाळीत नको, घरात गर्दी असते. थंडी पडली की ये. आठ दिवस गळ टाकून बसू." मी ऐकलं. आलो तर तलाव तपकिरी, पाण्याला कुजका वास, आणि काठावर आपल्या दोघांशिवाय कोणी नाही!

दोन दिवसांत साधी चिलापीसुद्धा लागली नाही. कणकेचे गोळे तसेच विरघळून जायचे.

तिसऱ्या दिवशी मी तुला शिकवायला लागलो. इथे दोह्यात आमच्या प्लांटवर इमारतींच्या एसीसाठी थंड पाण्याची मोठी टाकी आहे. वर कोमट पाणी, खाली थंड. ती दोन्ही मिसळू नयेत म्हणून आम्ही बारा बारा तास नजर ठेवतो. तलावाचंही तसंच, मी म्हणालो. ऑक्टोबरच्या उन्हात वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. तळाच्या गार पाण्याला हवा मिळत नाही, तिथे पालापाचोळा कुजत पडतो. थंडी आली की वरचं पाणीही गार होतं, जड होऊन खाली जातं, आणि वारा सुटला की सगळा तलाव ढवळून निघतो. तळाची घाण वर येते. एरवी ठरावीक खोलीवर मिळणारे मासे कुठेही पांगतात आणि आमिषाला तोंड लावत नाहीत. अशा वेळी आठ-दहा दिवस थांबायचं, नाहीतर ओढा तलावाला मिळतो तिथे ताज्या पाण्यात गळ टाकायचा.

तू हसलास. "सुधा, तिकडे टाकी राखतोस आणि मला तलाव शिकवतोस? चाळीस वर्षं बसतोय इथं."

"मग अशा आठवड्यात बोलावलंस कशाला?"

"बसू की. दर वेळी मासाच पाहिजे का?"

मला राग आला, दादा. वर्षभर वाट बघून मिळालेली रजा! सातव्या दिवशी प्लांटवरून मेसेज आला, लवकर येता येईल का. मी तिकीट बदललं. खरं सांगू? नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. एसटी स्टँडवर तू बॅग उचलून दिलीस आणि म्हणालास, "दोन दिवस राहिला असतास तर..." मी तुला पुरतं बोलूही दिलं नाही. म्हणालो, "राहून काय करू? वास घेऊ?"

काल वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी तो आठवडा मुद्दाम निवडला होता. पाणी फिरलं की काठावर कुणी येत नाही, सुधाशी निवांत बोलता येईल म्हणाले." तुझ्या पोटातली गाठ कळून तेव्हा महिना झाला होता. डॉक्टर लगेच ऑपरेशन करू म्हणत होते. करावं की नाही, हे तुला मला विचारायचं होतं. मी इकडे परत आलो आणि तू डॉक्टरांना नको म्हणून सांगितलंस.

अरे, विचारायचंस ना! सात दिवस शेजारी बसलो होतो आपण! मी गार पाणी, जड पाणी करत बडबडत होतो आणि तू ऐकत होतास. एकदा 'गप्प बस' म्हणून खेकसायचं होतंस! दर शुक्रवारी फोनवर विचारायचो, कसा आहेस? "मजेत." ही मजा? मला काय दुसऱ्याच्या मनातलं वाचता येतं? मी हो म्हणालो असतो, दादा. सही करायला उभा राहिलो असतो.

"तुमचा काही दोष नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

फोन ठेवायच्या वेळी मी त्यांच्या तब्येतीचं विचारलं. "ठीक आहे. थोडं काहीतरी आहे, तुम्ही आलात की बोलू."

"नाही वहिनी, आत्ता बोला."

"अहो, एवढं काही नाही."

"मग सांगायला काय हरकत आहे?"

मी फोन ठेवला नाही. शेवटी निघालं. पित्ताशयात खडे आहेत. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, आणि या बाईंनी कुणाला कळू दिलेलं नाही! रिपोर्टचे फोटो तिथल्या तिथे पाठवायला लावले. आज सकाळी डॉक्टरांशी स्वतः बोललो. रजेचा अर्जही दिला.

ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यात असेन आणि वहिनी घरात हिंडू-फिरू लागल्याशिवाय परत येणार नाही. हे वचन देतो. तुझ्यावरचा राग जाईल, असं वचन मात्र मागू नकोस.

तुझा,
सुधा