मागच्या भिंतीचं कोटेशन

२७ जुलै, रवि.
दादाचा बेंगळूरहून फोन. पाऊण तास, विषय कुंपण. चूक माझीच. मागच्या अंगणातली जास्वंद आणि तगर रोज सकाळी कोणीतरी खुडून नेतं, हे गंमत म्हणून त्याला सांगून बसले. माझ्या जिभेला हाड नाही. त्याचं म्हणणं : "आज फुलं नेतोय, उद्या घरात शिरेल. तू पहाटे फिरायला जातेस, आई एकटी असते." मागची भिंत कमरेएवढी, पलीकडे कन्झर्वन्सीची, म्हणजे सफाईवाल्यांची, अरुंद गल्ली. तिच्यावर डोक्याच्या वर जाईल असं स्टीलचं कुंपण घालायचं, निम्मे पैसे तो देणार. "नाहीतर आईला इकडे आणतो. अकराव्या मजल्यावर कोण येतंय फुलं चोरायला?"
आई शेजारीच बसली होती. ऐकू आलं नाही असं दाखवलं तिनं. ऐकू सगळं येतं.

२९ जुलै, मंगळ.
कॉलेजातून येताना नागराजच्या वेल्डिंगच्या दुकानात. लांबी पन्नास रनिंग फूट, उंची भिंतीवर चार. नुसती जाळी नि अँगल : वीस हजार, पण "मेडम, अदु कोळीफार्मगे". म्हणजे कोंबड्यांना ठीक. लोखंडी चौकोनी पाइप, प्रायमर, रंग धरून साठच्या आसपास. स्टेनलेस दीड लाखाच्या वर, त्यात ३०४ ग्रेडचं महाग, २०२ चं स्वस्त. मी प्रयोगशाळेतलं चुंबक पर्समधून काढलं. ना.ला हसू आवरेना. दोन्ही पाइपांना चिकटलं नाही. तीस वर्षं फिजिक्स शिकवून हे माहीत नव्हतं की २०२ लाही चुंबक चिकटत नाही. फरक मग पावसाळ्यात कळतो म्हणे, २०२ वर गंज चढला की. घरी येऊन बराच वेळ त्यावर वाचत बसले, स्वयंपाक राहिला. आईनं उप्पिट केलं.

३१ जुलै, गुरु.
चोराबद्दल विचार करतेय. हा चोर विचित्र आहे. झाड कधी रिकामं करत नाही. जास्वंदीची दोन-तीन फुलं सोडतो, तीही खालच्या फांदीची, आईचा हात पोचेल तिथली. फांदी मोडलेली नाही. देवाला नेणारं माणूस असावं. देवासाठी चोरलेली फुलं ही चोरी नव्हे असं मानणाऱ्यांनी आमचं अर्धं सरस्वतीपुरम भरलंय, त्यामुळे यादी मोठी.
आईला विचारलं.
"मला काय ठाऊक? मी निजलेली असते."
मी परतते तेव्हा हिचं अंथरूण आवरलेलं, वेणी घातलेली. शिवाय मागच्या घरातली सून बाळंतपणाला माहेरी गेली, हे हिला कुठून कळलं?
"सुम्ने, असंच बोलतात लोक," म्हणाली. कुठले लोक? हिच्याकडे कोण येतं?

२ ऑगस्ट, शनि.
ना. टेप घेऊन आला. आई काठी टेकत मागे आली. मोजमाप बघून त्याला कन्नडमध्ये विचारते, गेट कुठे ठेवणार? ना. माझ्याकडे बघतो. मी म्हटलं, "आई, मागे गेट कशाला? चोराची सोय?"
"कचरा टाकायला लागतं की."
कचऱ्याची गाडी पुढच्या दारी येते, वर्षानुवर्षं.
"मग असू दे एक. लहानसं. माझ्या पेन्शनीतून दे."
गेट धरलं तर बारा हजार वाढतात. आई आणि पेन्शनीतून! नवा चष्मा घ्यायला हिला दोन वर्षं मनवतेय. काहीतरी आहे.

५ ऑगस्ट, मंगळ.
आज फिरायला गेलेच नाही. बूट घातले, पुढचं दार ओढलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी. आपल्याच घरात चोरासारखी!
उजाडता उजाडता भिंतीवरून एक बाई आल्या. साठीच्या, स्वेटर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पाय असा टाकला की भिंत रोजची आहे हे कळावं. फुलं खुडली, मग कपडे धुण्याच्या दगडावर बसल्या. आणि मागच्या दारातून आई. काठी एका हातात, दुसऱ्या हातात कॉफीचा लोटा. परत आत जाऊन दुसरा लोटा.
बोलणं नीट ऐकू आलं नाही. आई हसत होती, तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. बाबा गेल्यापासून असं हसताना मी तिला पाहिलेलं नाही. माझ्याशी बोलताना तर नाहीच.
वाईट वाटलं. खरं लिहायचं तर मत्सर वाटला. पाऊल न वाजवता पुढच्या दारानं बाहेर गेले आणि नेहमीच्या वेळेला बूट आपटत आत आले. "आज लवकर?" आई म्हणाली. नव्हतंच लवकर.

७ ऑगस्ट, गुरु.
उद्या वरमहालक्ष्मीची पूजा. फुलांचे भाव बघून गाडीवाल्याशी भांडत होते, तर शेजारी त्याच बाई. शांतम्मा. गल्लीपलीकडच्या घरात भाड्यानं, मुलाकडे. ओळखीचं हसल्या, मग आपण आपली ओळख देऊन बसलो हे लक्षात येऊन गोऱ्यामोऱ्या झाल्या. मी काही बोलायच्या आत घाईघाईनं कन्नडमध्ये म्हणाल्या, "अम्मांचा गुडघा आता बरा का? पडल्या तेव्हा किती सुजला होता."
कधी पडल्या?
जूनमध्ये. मी फिरायला गेले असताना. मागच्या पायरीवरून. ह्या फुलं खुडायला आलेल्या, कण्हणं ऐकून भिंतीवरून उडी मारली, उचलून आत नेलं. तोवर फक्त फुलं नेत होत्या. त्या दिवसापासून रोज डोकावून जातात, मग कॉफी सुरू झाली.
"त्या म्हणाल्या, सांगू नका, बेंगळूरला नेतील. मला वाटलं, आतापर्यंत तुम्हाला सांगितलंच असेल."
मला सांगितलं होतं, पलंगाचा कोपरा लागला. आठवडाभर मी स्वतः तेल चोळलंय त्या गुडघ्याला. माझ्या हाताखाली गुडघा होता आणि ती देवघराकडे बघत होती.
फुलं न घेताच घरी आले. आईवर चिडावं की स्वतःवर, कळेना.

८ ऑगस्ट, शुक्र.
पूजा. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येऊन गेल्या. शेवटी शांतम्मा. पुढच्या दारानं, रेशमी साडीत, पहिल्यांदाच. मीच काल बोलावलं होतं, आईला न सांगता.
आईचा चेहरा बघण्यासारखा. पण बाई पक्की! "बन्नी, कूतकोळ्ळी," म्हणून पाट दाखवला आणि माझ्यादेखत विचारते, "निम्म मने एल्लि?" तुमचं घर कुठलं! शांतम्मांनीही न अडखळता पत्ता सांगितला. मग आई, मुलं किती. शांतम्मा, एक. सून माहेरी गेलीय का, हो का, पहिलंच का. मी कुंकवाची वाटी हातात धरून उभी, हसू दाबून पोटात दुखायला लागलं.
तांबूल घेताना शांतम्मांनी माझ्याकडे बघितलं. आईला कळू दिलं नाही की मला कळलंय. मीही नाही.
त्या गेल्यावर आई : "बरी वाटली बाई."
मी : "हो. ओळख ठेवावी."
नंतर तिला आत नेताना माझ्या दंडावरचा तिचा हात जरा जास्तच घट्ट होता. विचारायला हवं होतं तेव्हाच. विचारलं नाही.

१० ऑगस्ट, रवि.
ना.चा मेसेज, स्टीलचा भाव वाढतोय, अर्धा अडव्हान्स दिला तर जुन्या दरानं धरतो. दादानं त्याचे पैसे कालच टाकले. सकाळपासून हेच डोक्यात. कुंपण घातलं तर आई पुन्हा पडल्यावर कण्हणं ऐकून आत येणार कोण? गेट ठेवलं तर दादा विचारणार, मागे गेट कशाला. खरं कारण सांगितलं तर तो गाडी काढून येईल आणि आईची बॅग भरेल. चुकीचं नाही त्याचं. मी पहाटे तासभर घरात नसते, कॉलेजच्या दिवशी तर दुपारभर नसते, आणि ती एक्क्याऐंशीची आहे. तिला इथेच राहायचं आहे हेही चुकीचं नाही. मला काय हवंय? मला ती इथे हवीय. हे लिहायला इतके दिवस लागले.
जेवणाआधी दादाचा फोन. मी स्पीकरवर ठेवला, हात पिठाचे होते. आई समोर कोथिंबीर निवडत होती.
"अडव्हान्स दिलास का? आणि ते मागून अजून कोणी येतं का?"
आईचे हात थांबले. मान वर करून तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. सगळं कळलंय मला, हे तिला माझ्या चेहऱ्यावरून तेव्हा कळलं.
"येतं, दादा," मी म्हटलं. "रोज येतं."
"कोण?"
आई बघतच होती. दादा "हॅलो, वसू, हॅलो" करत राहिला. मी हात पुसून फोन तिच्या पुढ्यात सरकवला, सांगायचं तर तिनंच.