काजळीला रंग आला नाही

मॅडम, कार्बनची दोनच रूपं, हिरा आणि ग्रॅफाइट, असं तुम्ही कल्याणच्या आपल्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलंत आणि एके सकाळी वर्गात येऊन म्हणालात, “ते वाक्य खोडा.” कुणी पेन उचललं नाही. मग तुम्ही सांगितलंत, की पंच्याऐंशी साली परदेशात ग्रॅफाइटवर लेसर मारताना साठ अणूंचा एक बंद, पोकळ गोल सापडला. आणि आता, नव्वदीत, तो ढिगाने करताही येतो. हेलियममध्ये ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी धरून ठेवायची. जी काजळी जमते तिच्यातच तो रेणू असतो. हे सगळं तुम्ही मुंबईच्या लायब्ररीत बसून वाचून आला होतात. तुमचा आवाज मला ओळखू येत नव्हता.

त्याच रविवारी डोंबिवलीला तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही मला ओट्याशी उभं केलंत. कणकेच्या गोळ्या म्हणजे अणू, उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्या म्हणजे बंध. “नुसते षटकोन जोडत गेलीस ना, तर फरशीसारखे पसरतच राहतील. आता मध्ये पंचकोन घाल. बघ, वाकलं!” दोन पंचकोन एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, बारा झाले की गोल मिटतो. काका, म्हणजे तुमचे मिस्टर, दारात येऊन म्हणाले, “अगं, त्या कणकेच्या पोळ्या व्हायच्या होत्या ना?” गोल अर्ध्यावर येईतो खालची बाजू बसली. तुम्ही पिठाच्या हातानेच चष्मा वर सारलात. “आपण करायचं हे. मी रिटायर व्हायच्या आत, इथे, आपल्या हातांनी.”

प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, “मॅडम, आधी पोर्शन संपवा.” हेलियम कुणी देईना. मग विठ्ठलवाडीच्या वेल्डिंगवाल्याकडून त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि आर्गॉनची टाकी आणली. आर्गॉनही हेलियमसारखाच निष्क्रिय वायू, त्यात कमी मिळेल, पण मिळेल, असं तुमचं म्हणणं. कांड्या टॉर्चचे सेल फोडून काढल्या, काचेची हंडी फिजिक्सवाल्यांची. तुम्ही वेल्डरचा काळा चष्मा लावून उभ्या आहात, मी हंडीतली हवा ओढणाऱ्या पंपाशी. ठिणगी पेटते, हंडी आतून काळी होत जाते, आणि तुम्ही लहान मुलीसारख्या माझा दंड घट्ट धरता. ती काजळी खरवडून टोल्युइन या द्रावकात हलवायची, गाळायची. तो रेणू उतरला असेल तर जांभळट लाल रंग यायला हवा. आला तो पातळ चहासारखा. पुढच्या वेळीही तोच, त्याच्या पुढच्याही. हंडीच्या बुडाशी कुठून तरी हवा शिरत होती. कुठून, ते शेवटपर्यंत सापडलं नाही. मी खाडीकाठच्या आमच्या घरी काळी नखं घेऊन जायची तेव्हा आई विचारायची, “तुजी म्याडम काजल पारते का गो?” मी हसायची. तेव्हा हसू यायचं.

मग तुमचं पोटाचं दुखणं निघालं आणि ठाण्याच्या हॉस्पिटलात तुम्हाला ठेवलं. “एकदा तू एकटीने कर,” तुम्ही म्हणालात, “मला गाळलेल्या द्रावणाची नळी आणून दाखव.” मी केलं. रंग तोच. नळी पर्समध्ये घालून आले तर काका बाहेर बाकड्यावर बसलेले. त्यांनी ती उजेडात धरली आणि हळूच म्हणाले, “यात थोडं पोटॅशियम परमँगनेट टाक की. तिला काय कळणार आहे आता?”

“काका, टोल्युइनमध्ये ते विरघळत नाही.”

“मग दुसरं काहीतरी टाक गं. तुम्ही केमिस्ट्रीवाल्या ना!”

मी काही टाकलं नाही. तुमच्या हातात दिली ती तशीच. तुम्ही कितीतरी वेळ पाहत राहिलात. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, बरं केलंस, खरं तेच आणलंस. तुम्ही म्हणालात, “फिकट आहे,” आणि भिंतीकडे तोंड केलंत. नंतर आपलं बोलणं झालंच नाही. तुमच्या तेराव्याला काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाया पडले तेव्हा एवढंच म्हणाले, “एक दिवस सुखाचा गेला असता तिचा.” 

संशोधन मी सोडलं. हंडी फिजिक्सवाल्यांनी परत नेली, ट्रान्सफॉर्मर ज्याचा त्याला गेला. मला एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली, तिथेच सगळी वर्षं गेली. ज्यांनी तो गोल शोधला त्यांना पुढे नोबेल मिळालं. पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या, त्या मी डबा खाताना वाचल्या. कुणाला सांगावं असं आजूबाजूला कुणी नव्हतं.

नंतर एकदा कारखान्याने एका प्रदर्शनाला पाठवलं. तिथे टेबलावर एका बाटलीत तो रेणू ठेवला होता, खरा, टोल्युइनमध्ये विरघळलेला, गडद जांभळा. मी वाकून पाहिला. डोळे भरून येतील म्हणून हातात रुमालही घेतला. मॅडम, मला काहीच वाटलं नाही. मागचा माणूस म्हणाला, “मॅडम, जरा पुढे चला,” आणि मी चालू लागले.