तीन माफीपत्रं आणि गायब एन्व्हायर्नमेंट

मंगळवार, संध्याकाळ

उद्या प्रॅक्टिकलची परीक्षा, आणि आज पुन्हा कॉलेजच्या नोटबुक सर्व्हरवरून मुलांची पायथन एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोग्रॅम चालवायची सगळी मांडामांड, गायब! गेल्या आठवड्यात 'तुम्हीच पुसलीत' म्हणत मी तिघांकडून माफीपत्रं लिहून घेतली होती. आज कळलं की लॉगआउट केलं की कंटेनर, म्हणजे सर्व्हरवरची प्रत्येकाची तात्पुरती खोली, मोडतो आणि पुढच्या वेळी नवा, कोरा बनतो. टिकतो फक्त होम फोल्डर. मग सगळं कंटेनरात ठेवायला सांगितलं कोणी? मीच!

वर्गात कबूल केलं. त्या तिघांतली रेश्मा, जिच्या घरची होडी आहे, ती हसली. "सर, जाळी होडयेत ठेवन घराक कोण येता?"

सगळं होम फोल्डरात नव्यानं उभारलं. लॉगआउट, लॉगइन. टिकलं! मग माफीपत्रं परत द्यायला काढली, तर रेश्मा म्हणाली, "ऱ्हवांदेत सर, खालचा नाव तेवढा बदला."